यवतमाळ जिल्ह्यांतील जुने कसबे व सावकाश प्रवास

जगांतील लहान, जुन्या व रम्य गांवीं जाऊन तेथें चार दिवस निवांत राहावें, मोठ्या राजधान्यांची धांवपळ टाळावी, अशी आवड अलीकडे प्रवासी लोकांत वाढत आहे. इटलींतील ऑर्व्हिएटो व दुसरीं तीन नगरें यांनीं इ. स. १९९९ मध्यें या आवडीस संस्थेचें रूप दिलें. पन्नास हजारांहून कमी वस्तीच्या गांवांनीं आपली चाल मुद्दाम संथ ठेवावी, जुनें वळण मोडूं नये, असा या संस्थेचा बाणा असून गोगलगाय हें तिचें चिन्ह आहे. उलटपक्षीं ऑस्ट्रियांतील हालस्टाट या सरोवरकांठच्या गांवाची वस्ती हजाराच्याहि आंत असतां उन्हाळ्यांत तेथें एकेका दिवशीं दहा दहा हजार माणसें उतरतात, आणि इ. स. २०२३ मध्यें तेथील रहिवाशांनाच या लोंढ्याविरुद्ध निदर्शनें करावीं लागलीं. म्हणजे गांव लहान व जुनें असणें एवढ्यानें भागत नाहीं. तेथें जाणाराची रीतहि तशीच असावी लागते.

अशा गांवांच्या ज्या याद्या छापून येतात त्यांत यवतमाळ जिल्ह्यांतील एकाहि गांवाचें नांव आमच्या पाहण्यांत आलें नाहीं. त्यांत नवल नाहीं. येथें संगमरवरी महाल नाहींत, अखंड तटबंदीचीं शहरें नाहींत. प्रवाशाच्या डोळ्यांत भरेल असें थोडें आहे, आणि जें आहे तें बाजाराच्या गर्दींत, कापसाच्या गाड्यांआड व सिमेंटच्या नव्या भिंतींमागें दडलेलें आहे. तथापि जुने कागद, शिलालेख व पोथ्या यांच्या शोधांत असणाऱ्या आमच्या वाचकांस या जिल्ह्यांतील कसबे जितकें देऊं शकतात, तितकें पुष्कळ नामांकित स्थळें देऊं शकणार नाहींत. अट एवढीच कीं, तेथें घाईनें जातां कामा नये. ही अट कां घालावी लागते, व ती न पाळल्यानें काय हानि झाली आहे, हें कांहीं उदाहरणांनीं स्पष्ट करावें असा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

कसबा म्हणजे परगण्याचें मुख्य गांव. तेथें आठवड्याचा बाजार भरे, देशमुख-देशपांड्यांचे वाडे असत, परगण्याचें दप्तर राही. गांवाच्या एका अंगास नदी किंवा तलाव, जवळ हेमाडपंती बांधणीचें एखादें देऊळ, दुसऱ्या अंगास मशीद किंवा दर्गा, आणि चारी दिशांनीं खेड्यांकडून येणाऱ्या वाटा, अशी त्याची सामान्य रचना. ऑर्व्हिएटोकरांची पन्नास हजारांची मर्यादा लावली तर कळंब, दारव्हा, आर्णी हे कसबे तींत सहज बसतात. वणी व पुसद यांची वस्ती आतां तिच्याबाहेर गेली आहे, परंतु त्यांचा जुना गांवभाग अजूनहि एका सकाळीं पायीं फिरून होतो.

सावकाश प्रवासाची कल्पना आपणांस परदेशाकडून उसनी घ्यावयास नको. महानुभाव पंथांत अटन हा आचाराचाच एक भाग आहे, आणि त्या पंथानें मराठींत या विषयाचा एक अपूर्व ग्रंथहि दिला आहे. चौदाव्या शतकांत मुनि व्यास कोठी यांनीं रचलेल्या 'स्थानपोथी'त श्रीचक्रधरांचें वास्तव्य जेथें जेथें झालें त्या स्थानांचें वर्णन आहे. देऊळ गांवाच्या कोणत्या दिशेस, त्याचें दार कोणीकडे, जवळ दुसरें कोणतें देऊळ, नदी किती अंतरावर, असा तपशील ती पोथी देते. असा तपशील एका दृष्टिक्षेपांत मिळत नाहीं. तो ज्यानें टिपला त्यानें त्या त्या ठिकाणीं मुक्काम केला असला पाहिजे, गांवच्या वृद्धांस विचारलें असलें पाहिजे, आणि देवळास फेरी घालून दिशा पडताळून पाहिली असली पाहिजे. आजच्या संशोधकास यापेक्षां चांगला गुरु मिळणें कठीण.

याच जिल्ह्यास सावकाश प्रवासाचें एक साधनहि पुष्कळ वर्षें लाभलें होतें. मूर्तिजापूरपासून कारंजा व दारव्हा या मार्गें यवतमाळास येणारी अडीच फुटी अरुंद रुळांची आगगाडी विसाव्या शतकाच्या आरंभीं सुरू झाली. सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी या खाजगी कंपनीनें ती वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या वाटेस लावण्यासाठीं बांधली, आणि स्वातंत्र्यानंतरहि त्या मार्गाची मालकी कंपनीकडेच राहिली. लोकांनीं गाडीस 'शकुंतला' असें लाडकें नांव दिलें. मँचेस्टर येथें इ. स. १९२१ मध्यें तयार झालेलें तिचें वाफेचें इंजिन १९२३ पासून १९९४ च्या एप्रिलपर्यंत राबलें. त्यानंतर डिझेलचें इंजिन आलें. सुमारें सत्तर मैलांचें अंतर, पण गाडीची चाल बैलगाडीहून फारशी जलद वाटूं नये अशी. त्यामुळें प्रवाशास शेत, ओढा, गांवकूस व गांवाचें नांव हीं सर्व ओळखण्यास अवकाश मिळे.

वाटेवरील कारंजें हेंच उदाहरण पाहावें. तें आज वाशीम जिल्ह्यांत आहे. तेथील जैन भांडारांतील पोथ्यांचा समावेश रायबहादूर हिरालाल यांच्या इ. स. १९२६ मध्यें प्रसिद्ध झालेल्या मध्यप्रांत व वऱ्हाड येथील संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांच्या यादींत झाला, आणि पुढें डॉ. हिरालाल जैन यांनीं 'सावयधम्मदोहा', 'णायकुमारचरिउ' इत्यादि अपभ्रंश ग्रंथ कारंज्याच्या ग्रंथमालेंतून संपादून प्रसिद्ध केले. अपभ्रंश भाषेच्या अभ्यासास एवढी मोठी भर एका बाजारगांवांतील मंदिरांच्या कपाटांतून मिळाली. आतां शकुंतला धांवत नाहीं. दुसऱ्या बाजूनें, इ. स. २०२४ च्या फेब्रुवारींत वर्धा ते कळंब हा रुंद रुळांचा टप्पा खुला झाला, आणि कळंबास प्रथमच आगगाडी आली. वेगाच्या या नव्या साधनांचें आम्ही स्वागतच करतों. परंतु गाडी कोणतीहि असो, स्टेशनावर उतरल्यानंतरची चाल आपलीच असते.

अशा चालीनें काय हातीं लागतें हें आतां पाहूं. पहिलें साधन गांवाचें नांव. 'आईन-इ-अकबरी'त वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनांत 'योत-लोहारा' असें परगण्याचें नांव आलें आहे. यांतील योत हें येवता या मूळ ग्रामनामाचें रूप असून त्यास परगणा या अर्थाचा महाल हा शब्द जडून यवतमाळ हें नांव झालें, असें गॅझेटियरकारांचें मत आहे. लोहारा हें गांव यवतमाळच्या पश्चिमेस तीन मैलांवर असून तेथें कमळेश्वराचें जुनें देऊळ आहे. यवतमाळच्या जुन्या वस्तींतून निघून पायीं लोहाऱ्यास जावें. तास-सव्वा तासांत माणूस पोंचतो, आणि अकबराच्या कारकुनांनीं हीं दोन नांवें एका दमांत कां लिहिलीं हें कोणीं न सांगतां समजतें. मोटारीनें हेंच अंतर दहा मिनिटांत जातें, आणि मधल्या वसाहतींच्या गर्दींत लोहारा हें स्वतंत्र गांव होतें याचाहि विसर पडतो.

नांवांच्या बाबतींत आणखी एक गोष्ट संग्राहकांनीं ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. जुन्या इंग्रजी अहवालांत यवतमाळ जिल्हा शोधूं गेल्यास १९०५ पूर्वीं तो सांपडणार नाहीं. तेव्हां त्याचें नांव वणी या गांवावरून पडलें होतें व इंग्रज तें 'वून' असें लिहीत. पुसद तालुका त्या सालापर्यंत वाशीम जिल्ह्यांत होता. म्हणून पुसदेकडील कागद ज्यास हवे असतील त्यानें वाशीमचा पत्ताहि विसरूं नये. पोथीच्या वेष्टनावर 'जिल्हा वणी' असें आढळलें तर तो लेखकाचा प्रमाद नसून काळाचा पुरावा आहे.

दुसरें साधन पाणी व त्याभोंवतीं वाढलेलें देवस्थान. यवतमाळाहून नागपूरच्या वाटेवर सुमारें चौदा मैलांवर चक्रावती नदीच्या कांठीं कळंब आहे. आज तें तालुक्याचें गांव; परंतु अकबराच्या काळीं तें एका सरकारचें मुख्य ठिकाण होतें, म्हणजे दर्जानें माहूर व वाशीम यांच्या बरोबरीचें. इ. स. १५९६ मध्यें वऱ्हाड मोंगलांच्या हातीं गेल्यावर जी व्यवस्था लागली तींत कळंब सरकारचें नांव आहे. या वैभवाची खूण म्हणून वाडा किंवा किल्ला पाहूं गेल्यास निराशा होते. खूण आहे ती जमिनीखालीं. येथील चिंतामणि गणपतीचें देऊळ भूमीच्या पातळीच्या खालीं असून पायऱ्या उतरून दर्शनास जावें लागतें, आणि जवळच कुंड आहे. गौतमाच्या शापानें पीडित झालेल्या इंद्रानें येथें तपश्चर्या केली व गणेशानें अंकुशानें हें कुंड निर्माण केलें, अशी माहात्म्यांतील कथा आहे. कळंब हें नांव कदंबपुरावरून आलें असें सांगतात.

कुंडाचें पाणी कांहीं वर्षांनीं वर चढून मूर्तीच्या पायांपर्यंत येतें. तें बारा वर्षांनीं चढतें अशी लोकांची समजूत आहे, आणि असा योग आला कीं सर्व जिल्ह्यांतून माणसें लोटतात. भाविकास हा चमत्कार वाटतो. संशोधकानें त्याची चेष्टा करूं नये व नुसतें आश्चर्यहि करूं नये. पाणी कोणकोणत्या सालीं चढलें याच्या नोंदी गोळा कराव्या. पुजाऱ्यांच्या वह्या, जुन्या वर्तमानपत्रांतील वार्ता, वृद्धांच्या आठवणी एकत्र केल्यास या भागांतील पर्जन्याचा व भूगर्भांतील पाण्याचा एक स्वतंत्र इतिहास तयार होईल. परंतु त्या नोंदी दर्शन घेऊन अर्ध्या तासांत परतणाऱ्यास कोण देणार?

तिसरें साधन म्हणजे प्रत्यक्ष भूमि. नागपूरकर भोसल्यांच्या इतिहासांत भाम हें नांव वाचकांच्या परिचयाचें आहे. भोसल्यांची गादी नागपुरास स्थिर होण्यापूर्वीं, परसोजीचा पुत्र सेनासाहेब सुभा कान्होजी भोसले यानें याच जिल्ह्यांत भाम येथें आपलें ठाणें केलें होतें. शाहू महाराजांची मर्जी त्याच्यावरून उतरली, त्याचा पुतण्या रघूजी यास त्याच्यावर पाठविण्यांत आलें, आणि इ. स. १७३० च्या सुमारास वणीजवळ मंदर येथें रघूजीनें त्यास पकडलें. पुढें कान्होजीचें उर्वरित आयुष्य साताऱ्यास कैदेंत गेलें, आणि रघूजीच्या घोड्यांच्या टापा बंगालपर्यंत पोंचल्या. या घडामोडीचीं दोन टोकें, भाम व मंदर, एकाच जिल्ह्यांत आहेत. या. मा. काळे यांनीं इ. स. १९२४ मध्यें वऱ्हाडचा व १९३४ मध्यें नागपूर प्रांताचा इतिहास लिहून या प्रकरणाची मांडणी केली. तथापि भामेहून मंदरापर्यंतची वाट, नद्यांचे उतार व मुक्कामाचीं ठिकाणें पायीं तपासून लिहिलेली टिपणें आमच्या वाचनांत नाहींत. असें काम करण्यास विद्वत्तेपेक्षां पायांची व दिवसांची अधिक गरज आहे.

वणी गांव निर्गुडा नदीच्या कांठीं आहे. लोकनायक माधव श्रीहरि अणे यांचा जन्म येथें इ. स. १८८० च्या ऑगस्टांत झाला. आज या भागावर कोळशाच्या खाणींची छाया पडली असून नव्या रस्त्यांवर मालमोटारींची रीघ असते. त्यामुळें जुन्या वाटा व जुनीं ग्रामनामें आधीं टिपून ठेवण्याची निकड येथें सर्वांत अधिक आहे. वणीहून पश्चिमेस पांढरकवड्याकडे वळलें म्हणजे मराठी राज्याच्या शेवटच्या अंकाचा एक प्रवेश भूमीवर वाचतां येतो. नागपूरकर आप्पासाहेबांशीं मिळावें या आशेनें दुसरा बाजीराव चांद्याच्या रोखानें येत असतां इंग्रजांच्या फौजांनीं त्याची वाट अडविली, आणि १७ एप्रिल १८१८ रोजीं पांढरकवड्याजवळ शिवणी येथें कर्नल अ‍ॅडम्स यानें त्यास गांठून त्याचा मोड केला. त्यानंतर दीड महिन्यांत बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाला. कोरेगांव व अष्टी यांची नांवें शाळकरी मुलांस ठाऊक असतात. शिवणीचें नांव शेजारच्या तालुक्यासहि ठाऊक नसतें.

जिल्ह्याच्या नैर्ऋत्य भागांत पूस नदीच्या कांठीं पुसद आहे, आणि नदीवरूनच गांवाचें नांव पडलें आहे. इ. स. १९३० च्या १० जुलै रोजीं लोकनायक अणे यांनीं जंगल सत्याग्रहास याच भागांतून आरंभ केला, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. त्याहून आठ शतकें मागें जावयाचें तर याच तालुक्यांतील डोंगरगांवास जावें. तेथील शिलालेख शके १०३४ म्हणजे इ. स. १११२ चा असून परमार राजा उदयादित्याचा पुत्र जगद्देव याच्या वेळचा आहे, म. म. वा. वि. मिराशी यांनीं तो संपादिला. माळव्याच्या राजकुळांतील हा पुरुष पैनगंगेच्या खोऱ्यांत काय करीत होता, या प्रश्नाचें उत्तर देण्यास हा लेख व नदीपलीकडे आदिलाबादकडील जैनड येथील लेख हे दोन साक्षीदार आहेत. लेखांत दान दिलेलें डोंगरग्राम तेंच आजचें डोंगरगांव. नऊ शतकांत राज्यें किती बदललीं याची गणती नाहीं, पण पाटलाच्या व पोस्टाच्या वहींत नांव तेंच राहिलें.

पैनगंगा ओलांडली कीं माहूर. तें आज नांदेड जिल्ह्यांत मोडतें, तथापि पुसद व माहूर यांचा संबंध जिल्ह्याच्या रेषेनें तुटणारा नाहीं. रेणुका, दत्त व अनसूया यांचीं शिखरें, किल्ला, लेणीं आणि महानुभावांचें देवदेवेश्वरी हें स्थान इतकें एका डोंगरघेऱ्यांत आहे. शिवछत्रपतींच्या चरित्रांत उंबरखिंडीच्या प्रसंगीं जिचें नांव येतें ती रायबागन याच माहूरच्या उदाराम देशमुखांच्या घराण्यांतील. एका दिवसांत तिन्ही शिखरें 'उरकून' परतणारे यात्रेकरू रोज शेंकड्यांनीं दिसतात. त्यांचें पुण्य त्यांस लाभो. संशोधकास मात्र तेवढ्यांत कांहीं लाभत नाहीं.

येथवर जें सांगितलें तें उघड्यावरचें. खरें मोल घरांतील कागदांचें आहे. वाशीमचा वाकाटक ताम्रपट हें याचें ठळक उदाहरण. इ. स. १९३९ मध्यें तो वाशीम येथील एका शास्त्र्यांमुळें उजेडांत आला, आणि यवतमाळचे डॉ. यशवंत खुशाल देशपांडे यांनीं प्रा. महाजन यांच्यासह तो प्रथम विद्वानांपुढें मांडला. दुसऱ्या विंध्यशक्तीच्या सदतिसाव्या राज्यवर्षाचा, कांहीं संस्कृत व कांहीं प्राकृत भाषेंतील हा लेख हातीं आल्यावर वत्सगुल्म येथील वाकाटक शाखा स्पष्ट झाली, आणि अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यांतील लेखांत पूर्वीं चुकलेलें सर्वसेनाचें नांवहि नीट वाचतां आलें. जगप्रसिद्ध लेण्यांतील कोडें एका लहान गांवांतील तांब्याच्या पत्र्यांनीं सोडविलें. हेंच देशपांडे 'महानुभावीय मराठी वाङ्मय' या इ. स. १९२५ च्या ग्रंथाचे कर्ते आणि यवतमाळच्या शारदाश्रमाचे संस्थापक. सकळ, सुंदरी इत्यादि सांकेतिक लिपींच्या आड शतकानुशतकें जपलेलें वाङ्मय ज्यांनीं मठांतून बाहेर आणलें त्यांत त्यांची गणना आहे. असें काम एका बैठकींत होत नसतें. मठाधिपतींचा विश्वास बसावा लागतो, आणि विश्वासास वेळ लागतो.

याचा अनुभव आम्हांसहि आला आहे, व तो कबूल करण्यांत कमीपणा वाटत नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं या जिल्ह्यांतील एका कसब्यांत आम्ही मोटारीनें गेलों. जुन्या वतनदार घराण्याचा पत्ता काढला, ओसरीवर बसलों आणि पाण्याचा तांब्या पुढें येतो न येतो तोंच कागदांची गोष्ट काढली. घरधनी हात जोडून म्हणाले, "कांहीं नाहीं जी आमच्यापाशीं." अर्ध्या तासांत आम्ही परतलों, आणि टिपणवहींत त्या गांवापुढें 'कागद नाहींत' असा शेरा मारला.

दुसऱ्या हिंवाळ्यांत अन्य कामासाठीं त्याच गांवीं चार दिवस मुक्काम पडला. आम्ही देवस्थानच्या खोलींत उतरलों, बाजाराच्या दिवशीं बाजार पाहिला, संध्याकाळीं पारावर बसलों. तिसऱ्या दिवशीं तेच घरधनी आपण होऊन आले. त्यांच्यापाशीं शेताचा एक मोडी कागद होता. घरांत आतां मोडी वाचणारें कोणी उरलें नव्हतें, तो वाचून देतां कां, असें त्यांनीं विचारलें. आम्हीं वाचून दिला. त्यांत त्यांच्या पणजोबांचें नांव निघालें तेव्हां त्यांनीं तें दोनदां वाचून घेतलें. त्या रात्रीं माळ्यावरून रुमाल खालीं आला. जमाखर्चाचे बंद, दोन कौलनामे, कांहीं पत्रें आणि एका पोथीचीं सुटीं पानें त्यांत होतीं. पोथीचा मोठा भाग नव्हता. त्यांच्या आजोबांच्या वेळीं शहरांतून एक गृहस्थ आले होते. वाचून परत करतों म्हणून ते पोथी घेऊन गेले, पुन्हां आले नाहींत. ते कोण, कोठले, हें कोणास ठाऊक नव्हतें. राहिलेलीं पानें पोथी परत आल्यावर तींत घालतां यावीं म्हणून जपून ठेवलेलीं होतीं.

'कांहीं नाहीं' या उत्तराचा अर्थ तेव्हां आम्हांस कळला. आमच्या वहींतील शेरा चुकीचा होता. आणि ज्या घाईनें आम्हीं तो लिहिला तिचेंच मोठें भावंड तें पोथी उचलून नेणें होय. संग्राहकांनीं, आणि त्यांत आम्हीहि आलों, आपापलीं कपाटें उघडून पाहावीं. ज्यांच्या वेष्टनावर 'वऱ्हाड' किंवा नुसतें 'खरेदी' एवढाच शब्द आहे अशा पोथ्या किती निघतील? अशा पोथीची पुष्पिका गहाळ असली तर ती कोठें लिहिली गेली, कोणाच्या घरीं वाचली जात असे, तिच्यासोबतच्या रुमालांत दुसरें काय होतें, हें कायमचें गेलें. पानें वांचलीं, पण त्यांची साक्ष गेली.

यावर असा आक्षेप येईल कीं, त्या पोथ्या उचलल्या नसत्या तर वाळवीनें व पावसानें खाल्ल्या असत्या. आक्षेप खरा आहे. माळ्यावरचीं कितीएक दप्तरें रद्दींत गेलीं, नदींत सोडलीं गेलीं, हें आम्ही जाणतों. ज्यांनीं तीं वेळींच उचलून संस्थांच्या स्वाधीन केलीं व ठावठिकाणा लिहून ठेवला, त्यांचे उपकार फिटण्यासारखे नाहींत. आमचा वाद उचलण्याशीं नसून न लिहितां, न सांगतां उचलण्याशीं आहे. आफ्रिकेंतील मॉरिटानिया देशांत शिंगेट्टी म्हणून वाळवंटांतील एक जुना कसबा आहे, इ. स. १९९६ पासून तो जागतिक वारसास्थळांत गणला जातो. तेथें घराण्यांघराण्यांकडे पोथ्यांचे संग्रह पिढीजात चालत आले आहेत, आणि ते पाहण्यास विद्वानाला वाळू तुडवीत त्या घरापर्यंत जावें लागतें. पोथी आपल्या जागीं, आणि वाचक तिच्याकडे, ही रीत कष्टाची खरी. पण तींत पोथीचें घर पोथीपासून तुटत नाहीं. आतां तर प्रकाशचित्र घेण्याचें साधन प्रत्येकाच्या खिशांत आहे. पोथी न हलवितां तिचें पान न् पान टिपतां येतें. मग मूळ उचलण्याची सबब फारच थोड्या ठिकाणीं उरते.

तेव्हां या कसब्यांकडे जाऊं इच्छिणारांस आमच्या अनुभवांतून कांहीं सूचना कराव्याशा वाटतात. दिवाळीनंतर महाशिवरात्रीपर्यंतचा काळ प्रवासास उत्तम. पुढें येथील ऊन सोसवत नाहीं. परंतु हेच दिवस कापूस वेंचणीचे असल्यानें दिवसा कोणाच्या दारीं जाऊं नये, दिवेलागणीनंतर जावें. एका कसब्यांत निदान तीन रात्री राहावें, व त्यांत बाजाराचा दिवस यावा. पहिल्या दिवशीं कागदांचें नांव काढूं नये. गांवाला फेरी घालून देवळें, विहिरी, वेशी व वाटा यांचें स्थानपोथीच्या रीतीनें टिपण करावें. कोणी कागद दाखविला तर प्रथम तो त्यांस वाचून दाखवावा, मग आपलें टिपण करावें. रुमालांतील कागदांचा क्रम मोडूं नये. प्रकाशचित्रांची एक प्रत घरधन्यास न मागतां द्यावी. मूळ कागद सुरक्षिततेसाठीं हलविणें भागच असेल तर जवळांतील जवळ संस्थेंत ठेवावा, पावती द्यावी, आणि वेष्टनावर गांव, घराणें व तारीख लिहावी. हें सर्व अगदीं साधें आहे. घाईंत असलेल्या माणसास तेवढेंच अवघड जातें.

त्या घरधन्यांकडील पानांची प्रकाशचित्रें आम्हीं घेतलीं आहेत. ग्रंथ कोणता हें अद्याप ठरलें नाहीं. पानें मध्यम आकाराचीं, बाळबोध अक्षराचीं असून आरंभींचीं व अखेरचीं नाहींत. आमच्या वाचकांपैकीं कोणाच्या संग्रहांत मधलीं कांहीं पानें नसलेली, यवतमाळकडून आलेली व ठावठिकाणा नसलेली एखादी बाळबोध पोथी असेल तर त्यांनीं ती एकवार काढून पाहावी. पानें जुळलीं तर तीं घेऊन आम्ही त्या कसब्यास पुन्हां जाऊं, आणि या खेपेसहि चार दिवस राहूं.